हिरड्या, मूत्रपिंडे आणि हिशेबातून वजा केलेले दारिद्र्य

आपल्या सार्वजनिक चर्चेत दातांना स्थान नाही. हृदयविकारावर परिसंवाद होतात, कर्करोगावर व्याख्याने होतात, मधुमेहाच्या तपासणीची शिबिरे तर निवडणुकीच्या तोंडावर चौकाचौकांत भरतात. दात हा मात्र विनोदाचा विषय. कवळीवर चुटके सांगावेत, आजोबांना चकली कुस्करून द्यावी आणि ‘वय झाले, दात पडायचेच’ असे म्हणून विषय संपवावा, ही आपली रीत आहे. या रीतीत दैववाद दडलेला आहे, आणि दैववाद हा राज्यकर्त्यांच्या नेहमीच सोयीचा असतो. जे व्हायचेच आहे त्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागत नाही.

म्हणून प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ वय वाढल्याने दात पडत नाहीत. ते पडतात मुख्यतः दोन रोगांमुळे, दातांची कीड आणि हिरड्यांचा जुनाट दाह. या दुसऱ्या रोगास लोक ‘पायोरिया’ म्हणतात. हे दोन्ही रोग टाळता येण्याजोगे आहेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हिरड्यांचा रोग तोंडातच थांबतो असे नाही. त्याचा मधुमेहाशी संबंध आहे हे वैद्यकशास्त्र बऱ्याच काळापासून मानत आले. मूत्रपिंडांच्या ऱ्हासाशीही त्याचे नाते असावे, याचा पुरावा गेल्या वीस वर्षांत जमत गेला आहे. हा पुरावा काय सांगतो, काय सांगत नाही आणि आपण त्यावरून काय करावे, याचा विचार डॉक्टरांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. तो आपल्या समाजरचनेचा आणि सार्वजनिक खर्चाचाही प्रश्न आहे.

नागपूरच्या नैऋत्येकडील प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या वस्त्यांकडे पाहावे. येथे निवृत्त शिक्षक, बँकेतले व सरकारी कचेऱ्यांतले निवृत्त कर्मचारी मोठ्या संख्येने राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेलेली असतात. सकाळच्या फिरण्यात साखरेचे व रक्तदाबाचे आकडे परस्परांना सांगितले जातात. क्रिएटिनिन हा शब्दही आता अनेकांच्या तोंडी आला आहे. परंतु ‘हिरड्यांतून रक्त येते काय?’ हा प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. त्याच रस्त्यांवर घरकामास येणाऱ्या स्त्रिया आहेत, इमारतींचे चौकीदार आहेत, भाजीच्या हातगाड्या ढकलणारे वृद्ध आहेत. त्यांच्यापर्यंत क्रिएटिनिन हा शब्दही पोचलेला नाही, आणि हिरड्यांची चौकशी तर नाहीच. मध्यमवर्गीय वृद्ध माहितीअभावी तपासणी टाळतो. गरीब वृद्धाकडे माहिती, पैसा व वेळ यांपैकी काहीच नसते. रोग दोघांचा एकच असला तरी त्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

रोगाची प्रक्रिया समजून घेण्यास कठीण नाही. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होऊन त्याचे किटण बनते. हे किटण ब्रशने किंवा काडीने निघत नाही. त्याच्या आश्रयाने जंतू हिरडीखाली उतरतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते. हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते, दात व हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पे तयार होतात, आणि कालांतराने दातांना धरून ठेवणारे हाड झिजू लागते. पुष्कळदा हे सारे न दुखता चालते. दात हलू लागला म्हणजे मनुष्य जागा होतो, तोवर अनेक वर्षे गेलेली असतात. पसरलेल्या रोगात या कप्प्यांच्या आतील सुजलेल्या, सोललेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ साधारणपणे ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा अंदाज आहे. एवढी जखम हातावर किंवा पायावर वर्षानुवर्षे वाहती राहिली असती तर घरच्यांनी त्या माणसास उचलून दवाखान्यात नेले असते. ती तोंडात असते, म्हणून दिसत नाही.

जंतू व त्यांची विषद्रव्ये या जखमेतून थोड्याथोड्या प्रमाणात रक्तात जातात. घास चावताना व दात घासतानाही जातात. शरीर त्यांना प्रतिसाद देते. रक्तातील दाहदर्शक द्रव्ये वाढतात आणि सर्व शरीरभर एक मंद, अखंड दाह चालू राहतो. रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरास याचा उपद्रव होतो. मूत्रपिंड म्हणजे मुख्यतः अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतवळ्यांनी बनलेली गाळणी. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख गाळण्या असतात. रक्तवाहिन्यांना जे बाधते ते मूत्रपिंडांना बाधल्याखेरीज राहत नाही. चाळिशीनंतर या गाळणीची क्षमता तशीही हळूहळू उतरत असते. मधुमेह व रक्तदाब हे तिचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. जगात दर दहा प्रौढांमागे सुमारे एकास मूत्रपिंडांचा जुनाट विकार असतो असे मानले जाते, आणि त्यांपैकी बहुसंख्यांस त्याची जाणीव नसते. हिरड्यांप्रमाणे मूत्रपिंडेही मुकाट्याने सोसणारी आहेत. बरीचशी क्षमता गेल्यावरच ती तक्रार करतात.

आता पुराव्याकडे वळू. २००५ साली अमेरिकेतील एका मोठ्या लोकसमूहाच्या पाहणीवरून अभिजित क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंध प्रसिद्ध केला. हे आडनाव मराठी वाचकास परके वाटणार नाही. हिरड्यांचा रोग असलेल्या व्यक्तींत मूत्रपिंडांची क्षमता घटलेली असण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असल्याचे त्यांना आढळले. २००७ साली अ‍ॅरिझोनातील गिला नदीकाठच्या आदिवासी समाजाची पाहणी प्रसिद्ध झाली. मधुमेह असलेल्या ५२९ प्रौढांवर काही बाबतींत २२ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले होते. ज्यांच्या हिरड्यांचा रोग तीव्र होता त्यांची मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण, हिरड्या बऱ्या असलेल्यांच्या साडेतीनपट होते. ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता त्यांच्यात ते जवळजवळ पाचपट होते. दात गेले म्हणजे रोग संपला, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दात नसणे ही पुष्कळदा पूर्वी होऊन गेलेल्या दीर्घ रोगाची खूण असते. जपानमधील निइगाता येथे पंचाहत्तर वर्षे वयाच्या वृद्धांची पाहणी झाली व ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या हिरड्यांतील दाह सर्वाधिक होता, त्यांच्यात दोन वर्षांत मूत्रपिंडांची क्षमता घटण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून मूत्रपिंडविकार असलेल्या ८६१ व्यक्तींचा अभ्यास केला. हिरड्यांचा रोग नसलेल्यांत दहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३२ होते, तर तो असलेल्यांत शेकडा ४१. हिरड्यांच्या रोगाऐवजी मधुमेहाची भर पडल्यास हे प्रमाण शेकडा ४३ होत होते. म्हणजे ज्या मधुमेहाचा धसका आपण घेतो त्याच्या जवळपास हिरड्यांचा रोग येऊन बसतो. याच संशोधकांच्या २०२१ सालच्या निबंधात संबंध दोन्ही दिशांनी चालतो असे दिसून आले. हिरड्यांतील दाह वाढला की मूत्रपिंडांची क्षमता थोडी घटते, आणि मूत्रपिंडांची क्षमता घटली की हिरड्यांतील दाह पुष्कळ वाढतो.

येथे सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. ज्याने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले त्यास सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील अंतर विसरता येत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. वैद्यकाच्या इतिहासात याचा एक कटू धडा आहे. १९१० साली विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने माँट्रिअल येथील व्याख्यानात दातांतील दडलेला संसर्ग हा अनेक व्याधींचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. पुढील दोन-तीन दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत अनेक कारणांसाठी लोकांचे दात सरसकट उपटले गेले. रोग बरे झाले नाहीत, दात मात्र गेले, आणि ती उपपत्ती मागे पडली. आजच्या पुराव्याकडे पाहताना तो उत्साह पुन्हा अंगात येऊ देता कामा नये. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार करून मूत्रपिंडे सुधारतात काय, हे पाहणारे प्रयोग आजवर लहान व अल्पकाळाचे झाले आहेत. त्यांतून निर्णायक उत्तर मिळालेले नाही. म्हणून ‘दात साफ करा व डायलिसिस टाळा’ अशी जाहिरात जर एखाद्या दंत-चिकित्सालयाने केली तर ती अतिशयोक्ती समजावी.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र जमीन अधिक भक्कम आहे. २०१८ साली लंडनमधील एका प्रयोगात मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर कसून उपचार करण्यात आले. वर्षअखेर त्यांच्या रक्तातील साखरेचा तिमाही निर्देशांक, ज्यास प्रयोगशाळेच्या भाषेत एचबीए-वन-सी म्हणतात, तुलनेच्या गटापेक्षा ०.६ ने कमी आढळला. मूत्रपिंडांच्या कार्यातही सुधारणेची चिन्हे दिसली. २०२२ साली अशा ३५ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. हिरड्यांच्या उपचारामुळे साखर उतरते, हे त्याने मान्य केले. साखर काबूत राहिली तर मूत्रपिंडांचे रक्षण होते, यावर तर दुमत नाहीच. म्हणजे हिरड्यांपासून मूत्रपिंडांपर्यंतचा थेट रस्ता अद्याप पुरता मोजला गेला नसला तरी मधुमेहाच्या गावावरून जाणारा रस्ता माहितीचा आहे.

परंतु या साऱ्या अभ्यासांत समाजवादी विचाराच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे एक स्थळ आहे. असे निष्कर्ष काढताना संशोधक वय, तंबाखू, मधुमेह, शिक्षण, उत्पन्न यांचे परिणाम गणिताने वजा करतात. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. हिरड्यांचा स्वतंत्र परिणाम किती, हे शोधावयाचे तर इतर गोष्टी बाजूला काढाव्याच लागतात. गरीब माणसाच्या हिरड्याही खराब असतात व मूत्रपिंडेही खराब असतात, तेव्हा दोहोंचे मूळ दारिद्र्यातच असेल अशी शंका घेऊन संशोधक ते दारिद्र्य हिशेबातून काढून टाकतो. प्रश्न संशोधनाचा असेल तोवर हे ठीक. धोरणाचा विचार सुरू झाला की मात्र वजा केलेली ही रक्कम पुन्हा जमेस धरली पाहिजे. कारण माणूस स्वतःचे दारिद्र्य वजा करून जगत नाही. संशोधकास जो अडथळा वाटतो तोच धोरणकर्त्यास मूळ विषय वाटला पाहिजे. हिरड्या बिघडल्यामुळे मूत्रपिंडे बिघडली, की दोन्ही गरिबीने बिघडविली, हा वाद कोणत्याही बाजूने सुटो. उपाययोजना दोन्ही परींनी एकाच वस्तीत, एकाच घरात आणि एकाच माणसापाशी येऊन पोचते.

या गरिबीची एक वाट तर कोणत्याही वादाच्या पलीकडची आहे. दाढ ठणकू लागली, हिरडी सुजली, तर रोजावर जगणारा मनुष्य दंतवैद्याकडे जात नाही. तो औषधाच्या दुकानात जातो आणि दुखणे थांबविणारी गोळी मागतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या त्यास सहज मिळतात. दुखणे दबते, रोग राहतो, आठवड्याने पुन्हा गोळी. या गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. तरुण निरोगी माणूस चार दिवस घेऊन सुटतो. सत्तरीच्या, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या, मधुमेही आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पुरेसे पाणी न पिता काम करणाऱ्या वृद्धाला त्या मोठा अपाय करू शकतात. येथे जंतूंची व दाहाची कोणतीही सूक्ष्म उपपत्ती लागत नाही. दंतोपचार परवडत नाही म्हणून दुखणे गोळीने दाबले जाते, आणि त्याची भरपाई मूत्रपिंडांना करावी लागते. खाजगी पैशाने चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरी वाट तंबाखूची. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील शेकडा २४.४ प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. विदर्भात तिचे घरोघरचे रूप म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून पानठेल्यावर पुडी बांधून मिळते. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पानठेल्यांवरचा खर्रा काही थांबला नाही. स्त्रियांमध्ये मशेरी लावण्याची सवय जुनी. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ सालीच कायद्याने मनाई झाली, पण घरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूस कायदा कोठून आडवा येणार? तंबाखू हिरड्यांना मागे सारते. धूम्रपानाच्या बाबतीत तर ती एक फसवणूकही करते. हिरड्यांतील रक्तप्रवाह आकसल्याने रक्त येण्याची खूण लपते आणि रोग झाकला जातो. रक्तदाब व रक्तवाहिन्यांवरील तिचे दुष्परिणाम वेगळेच. डाव्या चळवळींनी तंबाखूकडे ‘वैयक्तिक सवय’ म्हणून पुष्कळदा दुर्लक्ष केले. श्रमाचा शीण, भूक आणि कंटाळा मारण्यासाठी श्रमिक खर्रा तोंडात ठेवतो हे खरेच. म्हणूनच ते दुर्लक्ष अधिक अक्षम्य ठरते. त्याच्या श्रमाच्या पिळवणुकीवर जगणारा हा दुसरा व्यापार आहे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने दारू व तंबाखू या दोहोंविरुद्ध गावागावांत संघटना उभ्या केल्या. विदर्भाच्या शहरांनी त्यापासून काही शिकण्यासारखे आहे.

उलट दिशेचाही विचार हवा. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी झाली आहेत त्यांचे तोंड कोरडे पडते, प्रतिकारशक्ती घटते, पाणी मोजून प्यावे लागते, किटण लवकर चढते. आठवड्यातून दोन-तीन दिवस डायलिसिसच्या खाटेवर घालविणाऱ्यास दंतवैद्याकडे जाण्याचे त्राण उरत नाही. मूत्रपिंड-प्रत्यारोपणापूर्वी तोंडातील संसर्ग नाहीसा करून घ्यावा लागतो, कारण नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर चालतात. त्यांपैकी सायक्लोस्पोरिनमुळे आणि रक्तदाबाच्या निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन यांसारख्या औषधांमुळे काहींच्या हिरड्या दातांवर वाढू लागतात. असे दिसल्यास औषध आपण होऊन बंद करू नये, डॉक्टरांस दाखवावे. डायलिसिस चालू असलेल्याने दात काढावयाचा असल्यास तो सामान्यतः डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढणे श्रेयस्कर, कारण त्या दिवशी रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला असतो. या गोष्टी दोन्ही डॉक्टरांनी परस्परांशी बोलूनच ठरविल्या पाहिजेत. प्रत्यक्षात दंतवैद्य व मूत्रपिंडतज्ज्ञ यांची भेट रुग्णाच्या फायलीतही होत नाही.

आता पैशाचा हिशेब. २०१६-१७ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या भाषणात सरकारनेच सांगितले होते की देशात दर वर्षी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, त्यांच्यासाठी ३.४ कोटी डायलिसिसची जादा गरज निर्माण होते, आणि एका वेळेस सुमारे २,००० रुपये म्हणजे वर्षाला ३ लाखांहून अधिक खर्च येतो. त्या वर्षी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला व जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही त्याची सोय आहे. नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ सालीच मूत्रपिंड-प्रत्यारोपणास प्रारंभ झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. या सर्व गोष्टींचे आम्ही स्वागतच करतो. ज्यांना डायलिसिस लागते त्यांच्या तोंडचे हे पाणी कोणी पळवू नये.

परंतु या योजनांची घडण कशी आहे? त्या माणूस रुग्णालयात भरती झाल्यावर जाग्या होतात. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या उपचारास, हिरड्यांची सफाई करण्यास, कवळी बसविण्यास त्यांत सामान्यतः जागा नाही. खाजगी दंतवैद्याकडेही दातांच्या एका सफाईचा खर्च साधारणतः एका डायलिसिसहून जास्त नसतो. तरीही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर शासन लाखो रुपये देण्यास तयार आणि हिरड्या सुजलेल्या असताना शेकडो रुपये देण्यास नाखूश, ही कोणत्या अर्थशास्त्राची रीत? रुग्णालयातील उपचारांचे बिल होते, त्यावर खाजगी रुग्णालये व विमाकंपन्या उभ्या राहतात. प्रतिबंधाचे बिल होत नाही, म्हणून त्याचा कैवारीही कोणी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा २.५ वर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या सरकारी लेख्यांत तो शेकडा १.८४ होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी शेकडा ३९.४ भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. त्यातही म्हाताऱ्यांचा खिसा पाहावा. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन २०१४ साली १,००० रुपये ठरविण्यात आले. श्रावणबाळ योजनेतील वृद्धास २०२३ पासून १,५०० रुपये मिळू लागले. एवढ्या पैशांत महिना काढणाऱ्यास ‘सहा महिन्यांनी दंतवैद्यास भेटा’ हा सल्ला देणे म्हणजे थट्टाच होय.

‘सर्वांना एवढी सेवा देण्यास पैसा कोठून आणणार?’ असे विचारले जाईल. जपानचे उदाहरण पाहावे. १९८९ साली तेथे ‘८०-२०’ ही मोहीम सुरू झाली. ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे किमान वीस दात असावेत, एवढेच तिचे ध्येय. त्या वेळी दहांतील एका वृद्धासही हे भाग्य लाभत नव्हते. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी ते गाठल्याचे दिसले. जपान श्रीमंत देश आहे हे खरे, पण त्या यशात गावोगावच्या तपासण्या, शिकविणारे कार्यकर्ते आणि सर्वांना लागू असलेला सार्वजनिक आरोग्यविमा यांचा वाटा मोठा होता. ‘म्हातारपणी दात पडायचेच’ हा सिद्धान्त एका पिढीच्या आत खोटा ठरविता येतो, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

आपल्याकडे पाया मुळीच नाही असे नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ सालापासून आहे. तेथे हिरड्यांच्या रोगाचा स्वतंत्र विभाग आहे आणि अल्प शुल्कात उपचार होतात. शेजारीच ‘मेडिकल’ व सुपर स्पेशालिटी आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर आहे. तिशीपुढील सर्वांची रक्तदाब, मधुमेह व तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचा कार्यक्रमही आहे. म्हणजे आरोग्यसेविका लोकांचे तोंड उघडून पाहण्याचे काम आजही करते. उघडलेल्या त्या तोंडात तिने हिरड्याही पाहाव्यात, एवढीच मागणी आहे. जागतिक आरोग्य परिषदेने मे २०२१ मध्ये मौखिक आरोग्यावर आणि मे २०२५ मध्ये मूत्रपिंडांच्या आरोग्यावर ठराव संमत केले. हे दोन ठराव जिनिव्हात वेगवेगळ्या फायलींत असले तरी प्रताप नगरच्या वा जयताळ्याच्या म्हाताऱ्याच्या देहात ते एकत्रच नांदत आहेत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महानगरपालिकेच्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दंतवैद्य व दंतोपचाराची खुर्ची असावी. साठीपुढील प्रत्येकाची हिरड्यांची तपासणी वर्षातून एकदा मोफत व्हावी. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाचे रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासले जावे, आणि त्याच दिवशी त्याचे तोंडही पाहिले जावे. डायलिसिस केंद्रांना दंतविभाग जोडून द्यावा. सरकारी विमायोजनांत हिरड्यांच्या उपचाराचा व कवळीचा समावेश करावा. दुखण्यावरच्या गोळ्या वृद्धांना देताना मूत्रपिंडांची चौकशी करण्याची सक्ती औषधविक्रेत्यांवर असावी. दर वर्षी राज्यातील महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या शेकडो दंतवैद्यांना शहराच्या एकाच रस्त्यावर परस्परांशी स्पर्धा करीत बसावे लागते, आणि खेड्यातील मनुष्य दाढ हातात धरून बसतो. बाजाराने केलेली ही वाटणी सार्वजनिक नेमणुकांनीच दुरुस्त होईल.

ज्येष्ठ नागरिक मंडळांनाही येथे काम आहे. सहली आणि वाढदिवस जरूर साजरे करावेत. परंतु दंत महाविद्यालयाशी संपर्क साधून वर्षातून दोन तपासण्या आपल्या वस्तीत घडवून आणणे त्यांच्या आवाक्यातले आहे. त्या तपासणीचे आमंत्रण सभासदांपुरते ठेवू नये. घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना, फाटकावरच्या चौकीदारास आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यास त्याच रांगेत, त्याच क्रमाने उभे करावे. सभासदांनी स्वतःपुरतेही काही नियम पाळावेत. रोज दोनदा मऊ ब्रशने दात व हिरडीचा सांधा साफ करावा. राखुंडी व मशेरी सोडावी. रात्री कवळी काढून ठेवावी. घासताना रक्त आले तर घासणे थांबवू नये, दंतवैद्यास दाखवावे. रक्त येणे ही रोगाची खूण आहे, ब्रशचा अपराध नव्हे. आणि दुखण्यावरची कोणतीही गोळी डॉक्टरांस विचारल्याखेरीज चार-चार दिवस घेऊ नये.

हिरड्यांवर उपचार केल्याने मूत्रपिंडे किती वाचतात, हे शास्त्र पुढील काही वर्षांत अधिक नेमकेपणाने सांगेल. त्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. वृद्धाला भाकरी चावता यावी, त्याचे तोंड दुखू नये, त्याची साखर काबूत राहावी आणि स्वस्त गोळ्यांनी त्याची मूत्रपिंडे नासू नयेत, एवढ्यासाठीच हा खर्च समर्थनीय आहे. मूत्रपिंडांचे थेट रक्षणही झाले तर तो वरचा लाभ. दारिद्र्य वजा करून केलेले हिशेब शास्त्रज्ञांना शोभतात. लोकांच्या पैशाचा विनियोग करणाऱ्या शासनास ते शोभत नाहीत. येत्या महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दंतवैद्याची खुर्ची किती केंद्रांत आहे, हा प्रश्न प्रत्येक प्रभागातून विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आकड्यात मागितले गेले पाहिजे.